बांगड्यांची चळत

“पोरी, दाखव बघू माझं रक्त.”

लॅबमधल्या रेणुकाने द्वारकामावशींना मायक्रोस्कोपसमोर बसवलं. लाल पेशी सुट्या सुट्या दिसत होत्या.

वर्षापूर्वी त्याच पेशी बांगड्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटल्या होत्या. मावशींच्या पाठदुखीला सगळे वयाचं दुखणं म्हणत होते; पेशी पाहून रेणुकानेच डॉक्टरांना फोन केला, “यांच्या रक्तात भलतंच प्रोटीन वाढलेलं वाटतंय.” मायलोमा, म्हणजे रक्ताचा कर्करोग निघाला. उपचार वेळेत सुरू झाले.

मावशी कासारीण. रेणुकाचा पंजा दाबून त्यांनी माप घेतलं आणि हिरव्या बांगड्या भरल्या.

“मावशी, कामात चालत नाहीत.”

“सुट्टी झालीय ना तुझी? मग गप बस.”

बांगड्या भरल्यावर कासारणीला नमस्कार करायचा, म्हणून रेणुका वाकू लागली. मावशींनी तिला धरून उभं केलं आणि वर्षभर न वाकलेली पाठ तिच्यापुढे वाकवली.