सांत्वनाचा फोन

फोन कवीच्या बायकोनेच उचलला. पलीकडून छापखान्यातला जुना कंपोझिटर बोलत होता. त्याला आधी रडूच फुटलं. वहिनी गेल्या आणि आम्हाला साधं कळवलंही नाही, ब्लॉगवर वाचावं लागलं, असं काहीबाही तो म्हणत राहिला. तिने त्याला पुरतं बोलू दिलं.

"भावोजी, मीच बोलतेय," ती म्हणाली.

पलीकडे फोन हातातून पडल्याचा आवाज झाला.

कवी चहा घेऊन आला तेव्हा ती खाटेवर उशीला टेकून बसली होती.

"मी गेले म्हणे," ती म्हणाली. "तुमच्या ब्लॉगवर आलंय."

अर्धा चहा बशीत सांडला.

हा ब्लॉग तिनेच काढून दिला होता. छापखाना बंद पडला, मुद्रितशोधनाची नोकरी गेली, मासिकांकडून कविता साभार परत येऊ लागल्या, तेव्हा हा माणूस दिवसदिवस भिंतीकडे बघत बसे. कोणी छापत नाही तर आपणच छापू, असं तीच म्हणाली होती. मग ती शाळेच्या कचेरीत राबून घर चालवायची आणि हा ब्लॉगवर रडगाणी लिहायचा. काम मिळत नाही, शब्द आटले, कवीला कुत्रं विचारत नाही. वाचक मोजून साडेतीन. अर्धा म्हणजे मेहुणा, कारण तो अर्धीच कविता वाचून पुरा अभिप्राय द्यायचा.

आणि मग तिचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी कवीला बाजूला घेऊन सांगितलं, आता औषधं द्यायची ती फक्त वेदना कमी करायला. तिच्यापासून लपवू नका, असंही ते म्हणाले. कवीची जीभ रेटली नाही. "रिपोर्ट चांगले आहेत," त्याने घरी येऊन सांगितलं, आणि त्यानंतर रोज सांगत राहिला. जन्मभर शब्दांशी झटापट केलेल्या माणसाला एक खरं वाक्य बोलता येईना.

जे बोलवेना ते त्याने लिहिलं. ती गेली असं धरूनच लिहिलं. कवितेत नाव नव्हतं, नातं नव्हतं, नुसती 'ती' होती. कागदावर लिहिलं असतं तर आवराआवरीत तिच्या हाती लागलं असतं, म्हणून ब्लॉगच्या मसुद्यांतच टाकून ठेवलं. काल सकाळी तो त्यातला एक शब्द बदलत बसला होता. तेव्हाच बोट भलत्या बटणावर पडलं असणार. त्याने मनातल्या मनात स्वतःला लाखोली वाहिली.

"अगं, कविता आहे ती," तो म्हणाला. "कवितेतली ती म्हणजे तू नव्हेस. कल्पना असते कवीची."

"असं होय."

"त्याला काय कळतं, छपाईचे खिळे जुळवण्यात जन्म गेला त्याचा. तुझे रिपोर्ट चांगले आहेत. डॉक्टर काय म्हणाले, माहीत आहे ना तुला?"

"तुम्हीच तर सांगितलंत."

तो घाईघाईने कॉम्प्युटरसमोर बसला. कविता पुसून टाकायची, की प्रश्न मिटला. पण कवितेखाली अभिप्रायांची रांग लागली होती. कुठली कुठली अनोळखी माणसं लिहीत होती. एकीने लिहिलं होतं, वाचून आईला फोन केला. एकाने लिहिलं होतं, असं काही वाचून वर्षं झाली. कवीबद्दल असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. पुसायच्या बटणाशी आलेलं त्याचं बोट थबकलं. त्याने आणखी एक अभिप्राय वाचला. मग आणखी एक. पाठीमागे ती खोकली, आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

"काढू नका," ती म्हणाली.

"अगं, लोकांना वाटतंय की..."

"वाटू दे. मीच टाकलीय ती. काल दुपारी तुम्ही औषधं आणायला गेलात तेव्हा. दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले आणि टाकली."

तो वळला. ती शांत होती, फक्त पांघरुणाचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं.

"तुम्ही मला कधीच सांगितलं नसतंत," ती म्हणाली. "मी गेल्यावरसुद्धा म्हणाला असतात, रिपोर्ट चांगले होते. म्हटलं, एकदा चारचौघांत होऊ दे. मग तरी घरात खोटं बोलायचं थांबवाल. मला एकटीला फार भीती वाटते हो."

कवी खाटेशी जमिनीवरच बसला. तिच्या मांडीवर डोकं ठेवून तो ओक्साबोक्शी रडला. डॉक्टरांचं एकूण एक वाक्य त्याने तिला सांगितलं. ती त्याच्या विरळ केसांतून हात फिरवत राहिली, मधून हं म्हणत राहिली.

"म्हणजे तुला आधीपासून माहीत होतं," तो शेवटी म्हणाला.

"कुठलं हो! तुम्ही चांगले म्हणालात, मी चांगले धरून चालले. कविता उघडली तेव्हा वाटलं, तुमच्या कोणा मित्राची बायको गेली. इतकं वाईट वाटलं मला! त्या बाईसाठी चांगली डोळे पुसत होते. मग खाली, दूध उतू गेलं की ती दुधालाच रागावते, ते आलं. तेव्हा कळलं, मी कोणासाठी रडतेय."