अडवलेली वाट

क्लबमधल्या त्या खेळात पटावर रस्ते बांधत समुद्र गाठायचा होता. हेमांगीने आपला रस्ता सोडून सगळ्या सोंगट्या समोरच्या तन्मयची वाट अडवायला लावल्या. तो शेवटचा आला.

"अहो, स्वतः हरलात, पण मला पुढे जाऊ दिलं नाहीत!" तो हसत म्हणाला. शेजारी बसलेली त्याची बायकोही हसली.

चार वर्षांपूर्वी, लग्न आठ दिवसांवर आलेलं असताना, त्याने हेमांगीच्या धाकट्या बहिणीला फोनवर नकार कळवला होता. ती वर्षभर घराबाहेर पडली नाही. तेव्हा परदेशात असलेल्या हेमांगीला त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

"मी मृदुलाची थोरली बहीण," ती म्हणाली.

त्याचं हसू मावळलं.

"कोण मृदुला?" बायकोने विचारलं.

"ते सांगतील ना," हेमांगी म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढून ऐकायला बसली.