ठकूबाईचा दहावा

आपल्याच अंगणात कोंडाजी चोरासारखा उभा होता. मागे पोलादपूरचे भटजी, उपरण्यानं घाम पुशीत. पडवीत त्याची बायको ठकूबाई बियाण्याचं भात पाखडत बसलेली. महिन्यामागं सावित्री नदीच्या काठी, डोकं भादरून, ह्याच बाईचा दहावा कोंडाजीनं घातला होता. बाई धडधाकट जिवंत असताना! आता बोला.

डोंगरावरच्या महाराजांची आज्ञाच तशी होती. अष्टग्रही येणार, आठ ग्रह एका राशीत जमणार, पौषातल्या अवसेला जग बुडणार, मठात असेल तो तरणार. घरचं जे कोणी येणार नाही त्याची क्रिया आधीच उरका, मागं करायला उरणार कोण? तीन वर्षांत सात वाड्या त्या महाराजाच्या पायाशी गेल्या होत्या. लोकांनी गुरं रानात सोडली, बियाणं शिजवून खाल्लं. ठकूबाई एवढंच म्हणाली, "मी माजी म्हस सोडून यायची नाय." झालं! महाराजांचा पहिला चेला कोंडाजीच, त्यानं बायकोचे पिंड मांडले.

अवस उलटली. सूर्य रोजच्या जागी उगवला, खाली नदी होती तेवढीच होती. महाराज म्हणाले, "बुडालंय सगळं, तुम्हांला दिसत नाय." तेव्हा लोकांनी धोंडे उचलले. पहिला कोंडाजीनंच मारला. रेटत रेटत महाराजाला कड्यावर नेला, आणि खाली पडल्याचा आवाज आला तेव्हा कोणी वाकून पाहिलंसुद्धा नाही. महाडाहून पोलीस आले, त्यांना सगळ्यांनी एकच सांगितलं, पाय घसरला.

इकडे वाडीनं ठकूबाईला मेलेलीच धरली होती. दहावा झालेल्या बाईचं तोंड कोण बघणार? पाणोठ्यावर बाया तिला शेवटी येऊ देत. सख्ख्या पुतणीच्या हळदीला गेली, तर जावेनं उंबऱ्यावरूनच परत धाडलं. आणि कोंडाजी? आठ दिवस देवळात पडून होता, पोटात अन्न नाही. सगळ्या वाडीत बियाणं उरलं होतं ते हिच्या सुपात. हिनं घरात घेतलं तर तो जगणार होता.

भटजी खाकरले. "वहिनी, शास्त्रात उपाय आहे. जिवंत माणसाची क्रिया झाली, तर त्यानं पुन्हा जन्म घ्यायचा. तुमचं बारसं करू, नाव ठेवू. मग तुम्हां दोघांचं लग्न परत लावू. एका सकाळचं काम."

"नाव कंचं ठेवनार?"

"तेच. ठकू."

"आनि नवरा?"

"हेच की!" भटजी हसले. ठकूबाईही हसली. कोंडाजीच्या जिवात जीव आला, त्यानं पायरीवर पाय ठेवला.

"थांबा वायच," ती म्हणाली. "भटजीबुवा, मागल्या जन्मी मला कुनी इचारलं नाय. ह्या येळंला इचारा."

भटजींनी कोंडाजीकडं पाहिलं. मग, करतात काय, विचारलं, "बरं बाई, मुलगा पसंत आहे?"

बावीस वर्षांच्या संसारात उखाण्यावाचून नवऱ्याचं नाव तिच्या तोंडी आलं नव्हतं. तिनं सूप खाली ठेवलं आणि त्याच्या तोंडाकडं बघत म्हटलं,

"कोंडाजी, तू मला पसंत नाय."