फ्रीव्हीलचा पाना

पाना तिसऱ्यांदा घसरला. मागच्या चाकावरच्या फ्रीव्हीलच्या, म्हणजे दातेरी चक्राच्या, ज्या चार खाचांत तो रुतायचा, त्या झिजून गुळगुळीत झाल्या होत्या.

विश्रांतवाडीच्या त्या सायकल-शोरूममधले मेकॅनिक बुद्धभूषण यांनी कपाळावरचा घाम मनगटाने टिपला. समोर कंपनीची परीक्षक शेफाली उभी होती. तिचा मोबाइल स्टँडवरून चित्रण करत होता. आज जो नापास होईल, त्याला उद्यापासून इथे सायकलीला हात लावता येणार नव्हता.

"मॅडम, हा पाना इथं चालायचा नाही. पंच-हातोडीनं पाच मिनिटांत उघडतो."

"काका, हातोडी वापरलीत की डायरेक्ट फेल."

"आणि उघडलंच नाही तर?"

"मग काम अपूर्ण. तेही फेलच."

नियमावली अठ्ठेचाळीस पानांची होती. प्रत्येक भागासाठी तीत स्वतंत्र हत्यार नेमून दिले होते. भाग झिजतात, ही शक्यता मात्र तिच्या विद्वान कर्त्यांना सुचली नव्हती. हातोडी शेवटच्या पानावर भेटे, 'अनिष्ट सवयी' या मथळ्याखाली. चाक कंपनीच्याच परीक्षा-संचातले होते. वर्षभर शहरातल्या परीक्षार्थींनी याच जातीच्या पान्यांनी त्याच्या खाचा खाल्ल्या होत्या.

शेफालीने घड्याळ पाहिले. तिला अजून दोन दुकाने उरकायची होती. तिने चित्रण थांबवले.

"मी जरा फोन करून येते," ती म्हणाली आणि बाहेर गेली.

बुद्धभूषणांनी बाकाखालून हातोडी काढली. वरच्या कड्याचे आटे उलटे असतात, हे हातांना ठाऊक होते. सहाव्या ठोक्याला कडे फिरले. ग्रीसने माखलेले छर्रे ताटलीत उतरले. आतला गाभा बाकावरच्या शेगड्याच्या पकडीत आवळून त्यांनी चाक फिरवले. तो सुटला.

शेफाली परतली. तिने चाकाकडे पाहिले; हातोडीकडे पाहिले नाही. 'मान्य साधनाने काम पूर्ण,' तिने लिहिले. मग पिशवीतून एक कोरा पाना काढून त्यांच्या हाती दिला.

"आता हा धरा, आणि यानं काम किती सोपं झालं ते सांगा. ट्रेनिंगला दाखवायचंय."

"नाही सांगितलं तर?"

"मघाचा व्हिडिओ आहेच की, काका. तीनदा घसरलेला."

बुद्धभूषणांनी पाना छातीसमोर धरला. शेफालीने मोबाइल रोखला आणि पुन्हा खाली घेतला.

"फारच नवा दिसतोय. जरा ग्रीस लावा ना त्याला."

बुद्धभूषणांनी छर्ऱ्यांच्या ताटलीत बोट बुडवले.