कुंपणापलीकडचा

ओकबुन आजीने वाळलेलं समुद्रशेवाळ पातेल्यात भिजत घातलं होतं. दानूचे वडील स्वयंपाकघरात आले, पातेल्यात डोकावले आणि तिथेच थबकले.

"मावशी, हे काय?"

"सार करतेय. वाढदिवस ना पोराचा? तुमच्या बायकोनेच पिशवीत घालून दिलंय."

"आज नको. दुपारी सामना आहे."

"सामना दुपारी. जन्मला तो सकाळीच ना?"

"परीक्षेच्या दिवशी हे बुळबुळीत कोणी खातं का? पाय घसरतो. पन्नास वर्षं जर्मनीत राहून विसरलात की काय?"

"विसरतेय कशाला! माझ्या धाकट्याच्या परीक्षेला मीही केलं नव्हतं. तरी नापास झालंच गाढव."

वडील हसले नाहीत. दुपारच्या सराव सामन्यानंतर इथला फुटबॉल क्लब दानूशी करार करायचा की नाही ते ठरवणार होता. नाही झाला, तर गुरुवारी बापलेकांनी कोरियात, कांगनुंगला परतायचं होतं. बोखुममधल्या आजीच्या या घराची वरची खोली त्यांनी तेवढ्यापुरतीच भाड्याने घेतली होती.

आजीने गॅस पेटवला. तिळाच्या तेलात मांसाचे तुकडे टाकले, त्यावर शेवाळ पिळून घातलं.

"हे सार मुलासाठी नसतं, दानूचे बाबा. त्याच्या आईसाठी असतं. बाळंतिणीचं खाणं ते. मी इथल्या इस्पितळात नर्स होते, माझी बाळंतपणंही तिथेच झाली. दुसऱ्या दिवशी पुढ्यात काय आलं, तर पाव आणि गार चीज. इतकी रडले की डॉक्टर घाबरला."

वडिलांनी हात पुढे करून गॅस बारीक केला. "उद्या करा. उद्या दोन वाट्या मी स्वतः खाईन. पण आज त्याचा पाय घसरला, तर काय करायचं?"

"त्याचा पाय साराने नाही घसरायचा."

"म्हणजे?"

आजीने गॅस पुन्हा मोठा केला.

"परवा कोच जे बोलले, ते मी तुम्हाला सगळं सांगितलं नाही."

परवा मैदानाच्या कडेला कोच बराच वेळ बोलत होते. नीट जर्मन येणारी आजी एकटीच. तिने शेवटी एकच वाक्य सांगितलं होतं : पोरगा चांगला आहे म्हणतात. 'एवढा वेळ एवढंच बोलले?' असं वडिलांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, 'जर्मन भाषाच लांबलचक असते.'

"पोरगा चांगला आहे, हे म्हणालेच," आजी आता म्हणाली. "पण पुढे म्हणाले, चेंडू पायाशी आला की हा आधी कुंपणाकडे बघतो. तिथे तुम्ही खोकता. मग हा काय ते करतो. ते म्हणाले, खेळतोय कुंपणापलीकडचा माणूस, मग मी करार कोणाशी करू?"

वडील खुर्चीवर बसले. एकदा खोकलं की पास, दोनदा खोकलं की गोलवर मारायचा. दानू तिसरीत असल्यापासून हे चालत आलं होतं.

"मी फक्त दिशा दाखवतो," ते म्हणाले. "नाहीतर गोंधळतो तो."

"गोंधळेल. गोंधळू दे की."

दारात दानू उभा होता. केस ओले, खांद्यावर बॅग. केव्हापासून उभा होता, कोण जाणे.

"ऐकलंस?" वडिलांनी विचारलं.

"मला परवाच कळलं होतं, बाबा. तेवढं जर्मन येतं मला."

"मग बोलला का नाहीस?"

दानूने बॅग खाली ठेवली.

"प्रश्न पुरेत," आजी म्हणाली. "बस रे, दानू." तिने साराचा वाडगा आणि भात त्याच्यापुढे ठेवला. साराची वाफ त्याच्या तोंडावर आली. त्याने चमचा उचलला आणि मान वर करून वडिलांकडे बघितलं.

वडिलांच्या घशात खवखवलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले. मग ते उठले, खिडकीशी गेले आणि शेजाऱ्यांच्या अंगणात काहीतरी फार महत्त्वाचं चाललं असावं तसे बाहेर बघत उभे राहिले. अंगणात एक सायकल होती. बाकी काही नव्हतं.

मागून बराच वेळ काही ऐकू आलं नाही.

मग चमचा वाडग्याला लागल्याचा आवाज आला. मग पुन्हा. मग भराभर.

दानूने वाडगा दोन्ही हातांनी उचलून तळाशी उरलेलंही पिऊन टाकलं. "आजी, मीठ कमी होतं," तो म्हणाला.

"आईला सांग तसं," आजी म्हणाली. "ती घालेल जास्त."

दाराशी त्याने बूट घातले. वडिलांनी नेहमीसारखा खुंटीवरचा कोट काढला, एक हात बाहीत घातला.

"बाबा..." दानू म्हणाला आणि कोटाकडे बघत राहिला.

वडिलांनी बाहीतून हात काढून घेतला.

"जा. बस चुकेल."

दानूने वाकून नमस्कार केला. जिन्यावर पावलं वाजली, खालचं दार लागलं. वडील येऊन टेबलाशी बसले. कोट मांडीवरच राहिला होता.

आजीने पातेल्यातलं उरलेलं सार वाडग्यात ओतलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं.

"घ्या. तुम्हाला कुठे आज परीक्षा आहे?"

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. सामना सुरू व्हायला अजून चार तास होते. वाडगा त्यांनी हळूच बाजूला सारला.

"आहे," ते म्हणाले.