दोन दिवसांत फरक

निळ्या माशाच्या अंगावर आता एकही ठिपका नव्हता. डॉक्टर आल्हाद पागे टाकीच्या काचेला नाक लावून उभे होते. एका हातात त्वचा तपासायचं भिंग, दुसऱ्यात टॉर्च. त्यांनी मासा डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला, शेपटीही सोडली नाही. मग वळून त्यांनी बाकांवर बसलेल्या वीस-बावीस पेशंटांकडे असं पाहिलं, की कुणी टाळ्या वाजवल्या असत्या तरी ते नको म्हणाले नसते.

गेला आठवडा फार वाईट गेला होता. उज्जैनच्या फ्रीगंज भागात त्वचारोगांचा दवाखाना, पाटीवर सोनेरी अक्षरं, आणि दारातून आत शिरल्याबरोबर खाऱ्या पाण्याची सहा फुटी टाकी. त्यातला सगळ्यात देखणा मासा अंगभर पांढरे ठिपके घेऊन फिरत होता. पेशंट स्वतःची खाज विसरून त्याच्याकडे बोट दाखवत. "ये डॉक्टर साहब का अपना मरीज है," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. डॉक्टरांनी ते केबिनमधून ऐकलं. जुना कंपाउंडर मंदार म्हणाला, पाण्यात मीठ टाका, माझ्या मावशीचे मासे त्यानंच बरे झाले.

"अरे, मावशीचं पाणी गोडं," डॉक्टर खेकसले. "हे आधीच समुद्राएवढं खारट आहे."

त्यांची इज्जत पणाला लागली होती. उज्जैनमध्ये लोक त्यांना 'दो दिन वाले डॉक्टर' म्हणत. त्यांची मलमाची ट्यूब लावली की दोन दिवसांत डाग गायब. माणसांचं जमतं तर माशाचं का नाही? त्यांनी कसलंसं औषध मागवलं आणि बाटली टाकीत रिकामी केली. तिसऱ्या सकाळी मासा लख्ख.

दर महिन्याला टाकी साफ करायला इंदूरहून मृण्मयी यायची. ती त्याच दुपारी आली. डॉक्टरांनी तिला बस म्हणायच्या आधी ही बातमी सांगितली.

मृण्मयीनं पिशवी खाली ठेवली. "ठिपके कसे होते? मीठ शिंपडल्यासारखे, की पिठाची धूळ बसल्यासारखे?"

"मिठासारखे. सुटे सुटे दाणे."

"अंग दगडाला घासत होता?"

"हो. पण आता बघ ना, एकदम साफ."

ती माशाकडे बघतच नव्हती. ती तळाच्या वाळूकडे बघत होती.

"डॉक्टर, हे औषधानं गेले नाहीत. ते आपोआप गळतात. तो किडा असतो. पोट भरलं की माशाला सोडतो, वाळूत जाऊन बसतो आणि एकाचे शेकडो होऊन परत येतो. आता सगळ्याच माशांना होईल. ठिपके दिसत होते तेच बरं होतं."

"मग करायचं काय?"

"सगळे मासे वेगळ्या टाकीत काढायचे. तिथे तांब्याचं औषध, रोज तपासून, महिनाभर. आणि ही टाकी अडीच महिने माशांविना ठेवायची. किडा उपाशी मरतो."

"अडीच महिने रिकामी टाकी? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं काय, ठिपके गेले की खूश," मृण्मयी म्हणाली. "माझी निम्मी गिऱ्हाइकं अशीच. इलाज बंद करतात, मला थँक्यू म्हणतात. मग वीस दिवसांनी रडत फोन करतात."

ती माशांबद्दलच बोलत होती. ट्यूबची तिला काही कल्पना नव्हती. डॉक्टरांचे कान मात्र तापले. ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. त्यानं लाली बसते, खाज थांबते, आणि नायटा आतल्या आत आरामात पसरतो. हे त्यांना कॉलेजपासून ठाऊक होतं. सुरुवातीला ते पेशंटांना सांगतही असत, की नायट्याला साधं औषध लागतं, पण ते दोन महिने नेमानं घ्यावं लागतं. पेशंट मान डोलवत आणि दुसरीकडे जात. मग त्यांनी सांगणं सोडलं आणि दवाखाना भरला. आज कित्येक वर्षांनी त्यांना त्याची लाज वाटली, आणि ती चांगलीच झोंबली.

तेवढ्यात मंदारनं पुढचा नंबर पुकारला. केबिनमध्ये भैरवगढ़चे इस्माईलभाई आले. कापडावर ठप्पे मारून छपाई करणारे, जुने पेशंट. मागोमाग त्यांची म्हातारी आई, बायको, दोन सुना आणि एक नातू. खुर्च्या दोनच होत्या.

"साहब, अब घर में सबको हो गया है," इस्माईलभाई म्हणाले. "वही ट्यूब छह लिख दीजिए, बस."

डॉक्टरांनी सवयीनं पेन उचललं. मग ते ठेवून दिलं. त्यांनी उठून म्हातारीची बाही वर केली. मनगटापासून खांद्यापर्यंत नायट्याची कडी कड्यांत अडकली होती. सुनांच्या मानेवर तेच, नातवाच्या पोटावर तेच. एवढं जवळून त्यांनी या आठवड्यात फक्त एका माशाला पाहिलं होतं.

"ट्यूब बंद," ते म्हणाले. आवाज त्यांनाच परका वाटला. "अब सबकी दवा चलेगी, दो महीने. दाग जल्दी नहीं जाएँगे, इस्माईलभाई. पहले ही बता देता हूँ."

डॉक्टरांचा उतरलेला चेहरा पाहून इस्माईलभाईंना वाईट वाटलं. त्यांनी पुढे होऊन डॉक्टरांच्या हातावर हात ठेवला.

"दाग की फिक्र आप मत कीजिए साहब," ते समजुतीनं म्हणाले. "वो तो आपकी ट्यूब से हर बार दो ही दिन में चले जाते हैं. तीन साल से."