जोडणी पूर्ण

भिंतीवरच्या डब्यात हिरवा दिवा लुकलुकत होता, टीव्हीवर पृथ्वी सूर्याभोवती फिरत होती. "आलं का न्हाई नेट, मॅडम? करा सही," पारनेरचा ठेकेदार म्हणाला. मुख्याध्यापिका हुमेराला खटकत होतं, हा टीव्हीपासून हलत का नाही? एकदा सही दिली की शाळा 'जोडणी पूर्ण'च्या यादीत जाणार, मग कोणी फिरकणार नाही. विज्ञानाच्या तासाला ती मुलांना सांगायची, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. "सरपंचांनी वस्तीवर चहाला बोलावलंय," ती म्हणाली. त्याची मोटारसायकल ओढ्यापलीकडे गेली आणि पृथ्वी थांबली. "बाई, पडद्यावर नुसतं चाक गोल गोल फिरतंय!" मुलं ओरडली. तो परतल्यावर तिने कोराच फॉर्म पुढे केला. "तुमच्या मोबाईलबरोबर नेटही चहाला गेलं होतं." तो हसला. "लई बारीक बघता, मॅडम. बाकीच्या शाळांनी टीव्ही न लावताच सह्या दिल्या."